आधी मोजा, मग बदला



तुमच्या गल्लीत, वाड्यात किंवा सोसायटीच्या एखाद्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली जुनी मोटारगाडी तुम्ही पाहिली असेल. टायरमधली हवा गेलेली, काचांवर धुळीचा थर आणि बोनेटखाली मांजरीने थाटलेला संसार! ती गाडी बहुधा 'प्रीमियर पद्मिनी' असते. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' ही गाडी तयार होऊ लागली आणि पुढे तीच गाडी 'पद्मिनी' या नावाने घरोघर ओळखली जाऊ लागली. एके काळी ती मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच होते. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी रस्त्यावर आली. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली.

परंतु खाजगी मालकीच्या काही पद्मिनी अजून शिल्लक आहेत आणि त्या घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा चालवण्याचा छंद अनेकांना आहे. मीही त्यांतलाच एक. या छंदाविषयी आज तुम्हांला काही सांगायचे आहे. मात्र हा 'गाडी कशी दुरुस्त करावी' याचा धडा नाही. मला तुमच्यापुढे एक मत मांडायचे आहे. ते असे की, यंत्राचा भाग बदलणे आणि यंत्र दुरुस्त करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या दोहोंची गल्लत करू लागलो आहोत.

आधी माझ्या फजितीची हकिकत सांगतो.

माझ्या काकांनी १९८४ साली घेतलेली पद्मिनी बरीच वर्षे अंगणात उभी होती. ती मी हाती घेतली. गंज खरवडला, पत्रा ठोकून सरळ केला, बोनेटखालचा सारा भाग सुंदर रंगवून घेतला. इंजिन जोडले. आणि २०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत पाहतो तो काय, किल्ली फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली गती देणारी विजेची मोटर, अगदी रडत-कुंथत फिरे. इंजिन काही सुरू होईना. मी म्हटले, बॅटरी कमजोर असणार. नवी बॅटरी आणली. फरक शून्य! मग ठरवले की सेल्फच गेला. नवा सेल्फ आणून बसवला आणि जुना, कारखान्यातून गाडीबरोबर आलेला सेल्फ दुकानदाराला मोडीत देऊन टाकला. तरीही रडणे तेच. नवी बॅटरी आणि नवा सेल्फ मिळून माझा एका महिन्याच्या पगाराचा मोठा लचका गेला आणि गाडी होती तेथेच उभी!

माझी भाची तेव्हा नववीत होती आणि सुट्टीसाठी आमच्याकडे आली होती. तिने मला एकच प्रश्न विचारला, "मामा, सेल्फ खराब आहे हे तुम्हांला कशावरून कळलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मग ती म्हणाली, "मग मोजून बघू या ना!" माझा मल्टिमीटर कपाटात पडून होता.

आता आपण तिच्याबरोबर थोडा विचार करू. बॅटरीच्या धन टोकापासून एक जाड तार सेल्फपर्यंत जाते. वीज परत येण्यासाठी मात्र वेगळी तार नसते. इंजिनाचा लोखंडी ठोकळा आणि गाडीची बॉडी हाच परतीचा मार्ग. बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. पण इंजिन बॉडीवर थेट बसलेले नसते. थरथर कमी व्हावी म्हणून ते रबरी बैठकांवर बसवतात आणि रबर तर विजेचे दुर्वाहक! म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. तिला गॅरेजमध्ये 'अर्थिंगची पट्टी' म्हणतात. सेल्फकडे गेलेली सारी विद्युत्‌धारा या हातभर पट्टीतून परतते.

इंजिन सुरू होऊ नये म्हणून आम्ही इग्निशन कॉइलची तार काढून ठेवली. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या ठोकळ्यावर टेकवून भाचीने मला किल्ली फिरवायला सांगितली. ही दोन्ही ठिकाणे जर चांगल्या सुवाहकाने जोडलेली असतील, तर त्यांच्यातील विभवांतर जवळजवळ शून्य हवे. मल्टिमीटरने २.१ व्होल्ट दाखवले! मग दुसरी सुई इंजिनाऐवजी बॉडीवर टेकवली. आता फक्त ०.१ व्होल्ट. म्हणजे बाकीचे २ व्होल्ट बॉडी आणि इंजिन यांच्यामध्येच कोठे तरी गळत होते. तेथे तर एकच वस्तू होती, ती अर्थिंगची पट्टी.

ओहमचा नियम तुम्ही शिकलाच आहात. सेल्फला सुमारे १०० अँपिअर धारा लागते असे धरा. २ व्होल्टना १०० ने भागले की रोध आला ०.०२ ओहम. किती क्षुल्लक आकडा! साध्या मल्टिमीटरने एवढा रोध थेट मोजताही येत नाही. पण १०० अँपिअर धारा वाहताना तोच क्षुल्लक रोध २ व्होल्ट खातो आणि तेथे २०० वॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पट्टीच्या टोकाला हात लावला, तर ते खरोखरच गरम लागत होते.

शेवटची खात्री म्हणून आम्ही बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनापर्यंत एक जाड जोडतार तात्पुरती लावली. सेल्फ खणखणीत फिरला!

पट्टी सोडवली तेव्हा कारण दिसले. बोनेटखालचा भाग रंगवताना पट्टीच्या जागेवरही रंगाचा जाड थर बसला होता. पट्टी धातूला न चिकटता रंगावर बसली होती आणि वीज केवळ बोल्टच्या आट्यांतून कशीबशी वाट काढत होती. म्हणजे बिघाड बॅटरीत नव्हता, सेल्फमध्ये नव्हता. तो माझ्याच हौसेने तयार केला होता. पॉलिश पेपरने तेवढी जागा घासली, पट्टी घट्ट आवळली आणि काम झाले. खर्च, पॉलिश पेपरचा एक तुकडा. जुना चांगला सेल्फ मात्र परत मिळाला नाही. दुकानदाराने तो केव्हाच भंगारात घातला होता.

या हकिकतीत एक गोष्ट ध्यानात घ्या. पुरावा माझ्यासमोर आधीपासूनच होता. गाडीचे दिवे पहिल्या दिवसापासून प्रखर लागत होते. दिव्यांची वीज बॉडीतून थेट बॅटरीकडे परतते, तिला अर्थिंगच्या पट्टीची गरज नसते. दिवे प्रखर आणि सेल्फ मात्र मंद, यावरूनच बॅटरीवरचा संशय बराच कमी व्हायला हवा होता. शिवाय हे दुखणे रंगकामानंतर सुरू झाले होते. 'यापूर्वी शेवटचे काय बदलले?' हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

प्रयोगशाळेत तुम्ही जी शास्त्रीय रीत शिकता, तिची गरज अंगणातल्या गाडीलाही तितकीच असते. लक्षणे नीट पाहा. ती का दिसत असावीत याचा अंदाज बांधा. अंदाज खरा असेल तर काय दिसले पाहिजे, हे आधी ठरवा. मग मोजा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. समजा, गाडी धक्के खात चालते म्हणून तुम्ही प्लग, पॉइंट आणि कार्ब्युरेटरचे जेट एकदमच नवे बसवले आणि गाडी सुधारली. आनंद आहे! पण बिघाड कशात होता ते तुम्हांला कधीच कळणार नाही. उलट गाडी आणखी बिघडली, तर तिघांपैकी गुन्हेगार कोण हेही कळणार नाही. कदाचित पॉइंटमधील फट तेवढी चुकली असेल. ती अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी असते आणि फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजून ती ठीक करणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

यावर कोणी म्हणेल, "अहो, मेकॅनिकला एवढा वेळ कोठे आहे? सुटे भाग स्वस्त, वेळ महाग. बदलून टाकला की मोकळे!" हा आक्षेप खोटा नाही. ज्याच्या गॅरेजबाहेर दहा गाड्या रांगेत उभ्या आहेत, त्याला हा हिशेब करावाच लागतो. पण या हिशेबात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. नवा भाग चांगलाच असणार, ही ती गोष्ट. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. आज पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात जे भाग मिळतात, त्यांत कारखान्यातले जुने शिल्लक माल असतात, दुसऱ्यांनी बनवलेले चांगले भाग असतात आणि डब्यावर ओळखीचे नाव छापलेला बनावट मालही असतो. 'नवा' या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. म्हणून बाजारात जाताना जुना भाग आणि व्हर्निअर कॅलिपर अशी दोन्ही बरोबर न्यावी. प्रयोगशाळेच्या बाहेर या कॅलिपरचा काही उपयोग आहे का, अशी शंका ज्यांना येते त्यांनी एकदा नाना पेठेत जाऊन पाहावे!

मोजमापाची आणखी एक गंमत सांगतो. गाडी बनवणारा कारखाना बंद पडला, तरी तिच्यातले सगळेच भाग दुर्मिळ होत नाहीत. बॉल बेअरिंगच्या कडेवर एक क्रमांक कोरलेला असतो. समजा तो ६२०५ आहे. त्यातील शेवटच्या दोन अंकांना, म्हणजे ०५ ला, ५ ने गुणले की आतील भोकाचा व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. (अगदी लहान बेअरिंगांना मात्र हा गुणाकार लागू पडत नाही.) या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर असते, मग ते कोणत्याही देशात तयार झालेले असो. गाडीच्या नावाने जे बेअरिंग 'मिळत नाही', ते क्रमांकाने मागितले की पाण्याच्या पंपाचे सामान विकणाऱ्या दुकानातही सापडू शकते. जगभरातील अभियंत्यांनी मापे ठरवून घेतली, त्याचे हे फळ आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुमचे मत असे, की भाग शक्यतो बदलूच नयेत? नाही! येथे मला स्वतःच्याच विधानाला मर्यादा घातली पाहिजे. नाहीतर माझे ऐकून एखादा जुने ब्रेक घासून-पुसून तसेच बसवील आणि जिवाला मुकेल.

पद्मिनीचे ब्रेक हायड्रॉलिक आहेत. पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधील तेलावर पडतो आणि पास्कलच्या नियमानुसार तोच दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. हे तेल अडवून धरतात ती रबराची छोटी कपे आणि चाकाजवळच्या रबरी नळ्या. रबर वयाबरोबर आतून कुजते. बाहेरून धड दिसणारी नळी नेमकी तुम्ही जोराने ब्रेक दाबाल त्या क्षणी फुटते, कारण दाब तेव्हाच सर्वांत जास्त असतो. त्या काळच्या अनेक गाड्यांत चारही चाकांची व्यवस्था एकच असे. त्यामुळे एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले! शिवाय ब्रेकचे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. 'डॉट ३' या प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर मात्र तो १४० अंशांपर्यंत खाली आला तरी चालतो, असे त्याचे मानक सांगते. लांबलचक घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये असे पाणी मुरलेले तेल उकळू लागले, तर वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

पेट्रोलच्या नळ्यांचीही तीच गोष्ट. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. चाळीस वर्षांपूर्वीचे रबर या मिश्रणासाठी बनवलेलेच नव्हते. ते फुगते, मऊ पडते, चिरते आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू शकते. तेव्हा या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचाच बसवला पाहिजे. आणखी एक मुद्दा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक तर ठरावीक मापाचे. त्यामुळे नव्या मिश्रणावर जुन्या इंजिनाला गरजेपेक्षा जास्त हवा मिळते. आजोबांच्या वेळचे माप आजच्या पेट्रोलला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही, तेही पुन्हा तपासून घ्यावे लागते.

तेव्हा माझा नियम असा : जो भाग सांगून बिघडतो, तो मोजा आणि शक्यतो वाचवा. जो भाग न सांगता बिघडतो आणि बिघडल्यावर माणसाचा जीव घेऊ शकतो, तो मुदत पाहून बदला. त्याच्या बिघाडाची वाट पाहू नका. डायनामो, सेल्फ, कार्ब्युरेटर, दाराची कुलपे पहिल्या वर्गातली. ब्रेकचे रबर, पेट्रोलच्या नळ्या, जुने टायर दुसऱ्या वर्गातले. कोणता भाग कोणत्या वर्गात येतो हे ठरवता येणे, यालाच मी यंत्राची समज म्हणतो. दुकानदाराची यादी पाहून ही समज येत नाही.

उत्साहाच्या भरात काही पथ्ये विसरू नका. मोठ्या माणसाशिवाय हे काम करू नका. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, मजबूत स्टँड लावलेच पाहिजेत. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, पण तो मारक आहे. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, जवळ ठिणगी नको. जुन्या ब्रेक पट्ट्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ब्रेकमधील धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नका.

आणखी एक कबुली दिली पाहिजे. जुनी गाडी धूर साफ करत नाही. तिला आजच्या गाड्यांसारखा उत्प्रेरक परिवर्तक नसतो. म्हणून तिने रोज शाळेत किंवा कचेरीत जावे, असे मी म्हणणार नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून नव्याने करावी लागते आणि ते योग्यच आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांतही या गाड्यांना रोजच्या वापराची मुभा नाही. जुन्या गाडीची खरी जागा शिकण्यासाठी आहे.

म्हणूनच शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेने एक जुने इंजिन मिळवावे. गाडीचे नाही मिळाले, तर स्कूटरचे चालेल. भंगारात ते किलोच्या भावाने मिळते. ते चालू झालेच पाहिजे असा आग्रह नको. मुलांनी ते खोलावे, प्रत्येक भाग मोजावा, वहीत मांडावा आणि पुन्हा जोडावे. बंद काचेच्या कपाटातील छेद दाखवणाऱ्या प्रतिकृतीपेक्षा हाताला तेल लावणारे हे इंजिन अधिक शिकवील. त्यासोबत एक नोंदवही हवी : तारीख, लक्षण, अंदाज, मोजमाप, केलेला बदल, परिणाम. माझ्याकडे अशी वही असती, तर काकांच्या गाडीचा मूळ सेल्फ आज तिच्यातच असता.

जाता जाता एक गणित देतो. पद्मिनीच्या इंजिनाला चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. चारही सिलिंडरांचे घनफळ काढा. उत्तर १०८९ घन सेंटिमीटरच्या आसपास यायला हवे. आता समजा, सिलिंडर झिजले म्हणून ते यंत्रावर कातून व्यास ६८.६ मिलिमीटर केला आणि त्या मापाचे नवे दट्टे बसवले. घनफळ किती वाढले? आणि हे गणित न करता कोणी जुन्या मापाचेच नवे दट्टे त्यात बसवले, तर इंजिनाचे काय होईल? उत्तर वहीत लिहा आणि मग शेजारच्या गॅरेजमधील मेकॅनिकला विचारा. त्याचे उत्तर आणि तुमचे उत्तर जुळले, तर पुढच्या वेळी गाडीचे बोनेट उघडताना तो तुम्हांला नक्कीच जवळ बोलावील.